मायची घागर

९ फेब्रु., रवि.

दुपारची भांडी आवरत होते. तनू बाहेरच्या खोलीत गृहपाठाला बसलेली. तिथून हाक आली, "धुयेवाली, पानी दे."

मी माठातून ग्लास भरला, नेऊन दिला, परत ओट्याशी आले आणि मग लक्षात आलं, काय ऐकलं ते. मला धुयेवाली म्हणणारी जगात एकच बाई होती. माझी सासू. सावद्याला सगळे तिला माय म्हणायचे, मीही. (तोंडावर अहो-जाहो होतं. इथे 'ती' म्हणते, कोण वाचणार आहे.) या मे महिन्यात तिला जाऊन नऊ वर्षं होतील. तनू आठची आहे. तिने आजीला पाहिलेलंच नाही.

"हे कुठे ऐकलंस गं?"

"काय?"

"धुयेवाली."

"तू धुळ्याचीच आहेस ना?" आणि पुन्हा गणितात डोकं.

प्रशांत मेडिकलवरून आल्या आल्या त्याला सांगितलं. हसला. म्हणे अक्काने शिकवलं असेल गमतीत. अक्का त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून सावद्याला आबांजवळ, माझ्या सासऱ्यांजवळ, असते. शक्य आहे. धुयेवाली हा शब्द अक्का शिकवू शकते.

पण पुढचे दोन शब्द?

१० फेब्रु., सोम.

टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये हात चालत नव्हता. केळीचे कोंब कापताना सुरी दोनदा चुकली, एका बाटलीला बुरशी. शेजारच्या टेबलावरच्या रुबिनाला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, पोरांचे कान सगळीकडे असतात. माझा धाकटा हुबेहूब सासऱ्यांसारखा खाकरतो. आता ते दिवसभर घरात बसून खाकरणार, तर पोरगा दुसरं काय करील?"

बरोबर आहे तिचं. पण तिचे सासरे जिवंत आहेत.

१६ फेब्रु., रवि. सावदा

महिन्यातून दोनदा जायचंच असतं. आज नीट डोळे उघडे ठेवून पाहिलं.

तनू दारात पाऊल ठेवते तोच आबा खाटेवरून म्हणाले, "माय आली का? चाला, आता जेवतो." अक्का सांगते की एरवी दोन घास खाऊन ताट सरकवतात. तनू समोर बसली की दीड भाकरी जाते.

लहान पोरींना लाडाने माय म्हणतातच इकडे, त्यात काही नाही. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. आज मात्र अक्काने भरताचं पातेलं तिच्यापुढे आणलं. "माय, पाह्य बरं, मीठ बरोबर हाये का?" तनूने आधी पळीने पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवलं, टक टक, मग चाखलं. "कमी आहे." अक्काने चिमूटभर टाकलं. मीठ कमी नव्हतं. मी पाच मिनिटांपूर्वी चाखलं होतं.

ती टकटक मायची. कोणत्याही भांड्याला हात लावायच्या आधी दोनदा वाजवायची.

तनूची करंगळी आत वळलेली, आवाज घोगरा, डावी भुवई वर: हे रक्तातून आलंय, कबूल. प्र.ची करंगळीही तशीच आहे. पण टकटक रक्तातून येते का?

निघताना आबांनी प्र.ला बाजूला घेतलं. जूनपासून तनूला सावद्याच्या शाळेत टाकायचं म्हणतायत. "अठीच राहू द्या तिले. तिचंच घर हाये." प्र. "बघू" म्हणाला. त्याचं बघू म्हणजे हो असतं.  माझी एकुलती पोर आहे. मी ती कोणाला देणार नाही, मेलेल्याला तर नाहीच.

२२ फेब्रु., शनि.

लिहून टाकते. नाहीतर डोकं फुटेल.

माय शेवटी शेवटी अंथरुणालाच होती. किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं, दिवसाचे ठरलेले ग्लास, त्यावर थेंब नाही. मला चौथा महिना. त्या दुपारी आबा शेतात, अक्का कोणाकडे तरी गेलेली. घरात आम्ही दोघीच. "धुयेवाली, पानी दे." मी म्हटलं, थांबा, देते. ग्लास संपले होते त्या दिवसाचे, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. लग्नापासून चार वर्षं तिने मला पाण्यात पाहिलं होतं, आणि थांबा म्हणताना मला बरं वाटलं. चांगलं वाटलं. मी गच्चीवर कुरडया उचलायला गेले, मुद्दाम सावकाश उचलल्या. खाली आले तर संपलेलं होतं.

त्याच्या आठवडाभर आधी तिने माझ्या पोटाकडे पाहून म्हटलं होतं, "येईन तुह्याच पोटी. मंग पाहीन, कशी पानी देत नई ते." हसत म्हणाली होती. तिचं हसणं आणि धमकी यांत फरक करता यायचा नाही.

हे दोन्ही मी कोणालाही सांगितलेलं नाही. प्र.लाही नाही.

३ मार्च, सोम.

आज चोपड्याचे एक शेतकरी लॅबवर आले होते, कुरकुर करत. तुमचीच रोपं, सावद्याच्या पाहुण्यांनीही नेली, त्यांचे घड असे मोठे नि आमचे का नाहीत. दोन्ही खेपा एकाच मातृकंदाच्या. मी स्वतः कापलेल्या. आतून काडीचाही फरक नाही त्या रोपांत. त्यांना नेहमीचं सांगितलं, माती, पाणी, खत, वारा, हात.

जेवताना रुबिनाला विचारलं, मग रोप कसं होणार ते ठरवतं कोण, कंद की वावर? ती डब्यातून मान वर न करता म्हणाली, "दोघं मिळून. पण मॅडम, तुमच्या सावद्याच्या रोपांना कोणी रोज माय म्हणून हाक नाही मारत."

दिवसभर तेच डोक्यात.

१५ मार्च, शनि.

तनू दारात बसलेली, उजवा गुडघा वर, त्यावर कोपर, तळव्यावर हनुवटी. भाजीवाल्याला सांगत होती, "हे वांगं नको, आत कीड असेल." तो घाबरून बदलून देत होता. आठ वर्षांची पोरगी. हसायला हवं होतं मला.

मायची बैठक तीच. पण मग आठवलं, अक्काही तशीच बसते. तनूने तिचंच पाहिलं असणार. एक गोष्ट सुटली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला आंबट बोरं आणून दिली.

दुसरं लक्षात आलं ते मात्र बरं नाही. भाजीवाला गेल्यावर ती वळून माझ्याकडे बघायला लागली आणि मी पदर नव्हता तरी खांद्यावरून ओढल्यासारखा हात केला. मायसमोर करायचे तसा. मी माझ्या मुलीला भिते. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

२३ मार्च, रवि. धुळे

दोन दिवस माहेरी. तनू शेजारच्या पोरींत खेळायला गेल्यावर आईने मला ओसरीत बसवलं. आई एरवी फार बोलत नाही. आज बोलली.

"तू भांडा घासतांना कोनासंगे बोलस?"

म्हटलं, कोणाशीच नाही.

"बोलस. काल बी, आज बी. 'देते, थांबा, देते' आसं. आनि मंग तुनी सासूना आवाजमा तूच जबाब देस. 'धुयेवाली, पानी दे.' माले तं काटाच उना अंगवर."

मी नाहीच म्हणत राहिले. आई म्हणाली, "मी बहिरी नई शे."

मग म्हणाली, "आनि त्या पोरनी तोंड उघाडं का तू उठस. ती मांगाना आगोदर पानी. आठ वरीस व्हयनात, तिनी कधी स्वतः माठनं झाकन उघाडं का? ती तुनी सासू नई शे. तुनी पोर शे. तूच घडाई ऱ्हायनी तिले, आनि मंग तूच भ्यास."

जळगावच्या गाडीत तनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना माझ्या साबणाचा वास येत होता. 

२८ मार्च, शुक्र.

आईवर विश्वास ठेवायचा नव्हता म्हणून केलं. स्वयंपाकघरात डब्यांमागे मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि विसरून कामाला लागले. खरंच विसरले.

नंतर प्र. दुकानात, तनू क्लासला गेल्यावर ऐकलं. भांड्यांचा आवाज, नळ, आणि मग मी. "देते. थांबा. हात ओले आहेत." त्यानंतर घोगरा आवाज, "तुहे हात कव्हा कोरडे राह्यतात?" तोही मीच. हे वाक्य मायचं आहे, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं. मला वाटत होतं मी विसरले.

असं बराच वेळ. दोन बायकांचं भांडण, दोन्ही मी. म्हणजे तनू पाळण्यात होती तेव्हापासून हे ऐकतेय. दुसऱ्या खोलीत मेलेली आजी रोज जिवंत होती तिच्यासाठी.

रडले, आणि सुटल्यासारखंही वाटलं. सगळं माझ्याच तोंडून गेलंय, भूतबीत काही नाही.

मग शेवटचा भाग. मी म्हणतेय, "देते, थांबा." पुढचं वाक्य बोलायला मी श्वास घेतलाय, तो ऐकू येतो. आणि माझ्या आधी, लांबून, बाहेरच्या खोलीतून, अगदी त्याच घोगऱ्या आवाजात, "धुयेवाली, पानी दे." तनू. खेळता खेळता. आणि मी गप्प होऊन माठाकडे जाते. माझ्या पावलांचा आवाज आहे त्यात.

किती वर्षं चाललंय हे तीन बायकांचं?

५ एप्रिल, शनि.

रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. एक गोष्ट टोचते. त्यात मायची सगळी टोचरी वाक्यं आहेत. चांगलं एकही नाही. चांगलं काही नव्हतंच का?

होतं. लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये सावद्याला ऊन लागून मी केळीच्या वावरात पडले होते. शुद्धीवर आले तर माय ग्लास घेऊन उभी. "पे. सगयं." मला जाईना. ती हलली नाही. तळ दिसेपर्यंत समोर उभी. मग एक शब्द न बोलता माझ्या पायांना कांदा चोळत बसली, तिच्या त्या वाकड्या करंगळीच्या हाताने.

हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. तिच्याबद्दल बरं बोलायची सवयच नव्हती मला.

६ एप्रिल, रवि. सावदा

आबांनी अंगणात तनूला विचारलं, "माय, कापनी कव्हा लावू?" घड अजून आठवडाभर थांबले असते, असं मलाही दिसत होतं. तनूने बोटावर काहीतरी मोजलं. "गुरुवारी." आबांनी तिथल्या तिथे गाडीवाल्याला फोन लावला.

अक्का म्हणाली, "पाह्यलं? मायबी आशीच एका शब्दात सांगे."

मला राहवेना. परत येताना विचारलं, गुरुवारच का गं? "गुरुवारी शाळेला सुट्टी आहे ना. मला घड ट्रकमध्ये भरताना बघायचेत." एवढंच. मी इतकी हसले की प्र.ला गाडी हळू करावी लागली.

१४ एप्रिल, सोम.

काल दुपारी रावेरकडून वादळ आलं. शेजारच्या बागा आडव्या. आबांचं वावर गुरुवारीच रिकामं झालेलं. अक्काचा फोन, रडत होती, आनंदाने की भीतीने कळेना. "आता बोल काय बोलती. आता तरी मान." मी शाळेच्या सुट्टीचं सांगितलं. ती म्हणाली, सुट्टीबी मायनंच पाह्यली.



 रात्रीचं ताट वाढताना प्र. म्हणाला, "एक वर्ष पाठवून बघू तिला. आबा जेवतील तरी." मी म्हटलं, आबांना जेवण हवं की बायको परत हवी? तो ताटावरून उठला.

तनू सगळं ऐकत होती. तिला आवडतंय हे. का नाही आवडणार? आठ वर्षांच्या पोरीला विचारून ट्रक येतो.

२६ एप्रिल, शनि.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर (खरबूज) आणि आंबे ठेवायचे, उन्हाळ्यात त्यांची तहान भागावी म्हणून. मायची घागर दरवर्षी अक्का भरते. मी नसते. आखाजीला लेकी माहेरी जातात, मी धुळ्याला. सोयीचंच होतं.

आज अक्काने फोनवर सांगितलं, या वर्षापासून मायची घागर नाही. "जितीजागती समोर बसती, अन् तिच्या नावानं मेल्याची घागर भरू? नख लागंल पोरीले."

फोन ठेवला. घागर नाही म्हणजे माय मेलीच नाही असं घराने ठरवलं. मग तनू कुठे गेली?

आईला कळवलं, या वर्षी येत नाही. ती म्हणाली, "बरं करस."

२९ एप्रिल, मंगळ.

कुंभाराकडून घागर आणली. लाल, बोटाने वाजवून घेतली. प्र.ने विचारलं कोणाची. सांगितलं. नको म्हणाला नाही, चल म्हणालाही नाही. घागर मांडीवर घेऊन जाईन.

३० एप्रिल, बुध. आखाजी. सावदा

जमेल तसं लिहिते.

अक्काने घागर पाहिली आणि दारातच आडवी आली. "ते आत आनू नको." आबा खाटेवर. तनू त्यांच्याशेजारी, नवीन फ्रॉक, पाय हलवत. प्र. माझ्या मागे.

मी ठरवून काही गेले नव्हते. तोंडातून निघालं ते असं: माय तहानलेली गेली. माझ्यामुळे. तिने पाणी मागितलं, मी थांबा म्हटलं, गच्चीवर गेले. ग्लास संपले होते, पण मला थांबा म्हणायला बरं वाटलं म्हणून म्हटलं. आता मी तिला पाणी देणार आहे. माझ्या मुलीला नाही, तिला.

 मला वाटलं आबा चप्पल काढतील. ते घागरीकडे बघत म्हणाले, "सकायी मलेबी मांगलं होतं तिनं. मी हात झटकला अन् वावरात निंघून गेलो."

मग अक्का. दारातच खाली बसली. "मी तं तांब्याच उचलून फडताळात ठेवला होता. तिले दिसू नये म्हनून."

तिघं. आठ वर्षं तिघंही एकाच पोरीला पाणी पाजत होतो, माय माय करत. एकमेकांना कळू न देता.

प्र. भिंतीकडे तोंड करून उभा होता.

आबा उठले. घागर त्यांनी धरली, मी तांब्याने भरली, काठोकाठ. डांगर अक्काने शेवटी ठेवलं, पण माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, माय, घ्या. आवाज माझाच होता, एकच.

तेव्हा तनू खाटेवरून म्हणाली, "म्हणजे मी आता माय नाही?"

"नाही बाळा. तू तनू."

तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ओठ काढून म्हणाली, "तनूला कोणी काही विचारत नाही."

याचा मी विचारच केला नव्हता.

१ मे, गुरु.

घरी. तनू बोलत नाही. ताटात वाढलेलं खाते, मीठ सांगत नाही, काही वाजवत नाही. मी विचारलं, भाजी कुठली करू? "कुठलीही." मला हवं होतं तेच झालं ना? मग मी तिच्या तोंडाकडे का बघत राहते?

आबांनी काल रात्री तिच्याशिवाय एकच भाकरी खाल्ली, अक्काने कळवलं. पण पूर्ण खाल्ली.

भांडी घासताना तोंड घट्ट मिटून घासते. फार अवघड आहे.

४ मे, रवि.

प्र. विचारतोय आबांना जूनचं काय सांगू. मी म्हटलं, तनूला विचार. तो तिला विचारायला गेला तर ती म्हणाली, सांगते नंतर. अजून सांगितलेलं नाही.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत धुतलेले कपडे घडी करत होते. ती आतून आली, शेजारी बसली. थोड्या वेळाने, "आई, पाणी दे."

मी अर्धी उठले होते. परत बसले. "घे गं तूच."

ती हलली नाही. मीही नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली. माठाच्या झाकणावर टक टक. दोनदा. मी हातातला टॉवेल तसाच धरून राहिले.

ती दोन ग्लास घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला. मला नको म्हटलं, नुकतंच प्यायलं होतं. ती समोर उभी राहिली. डावी भुवई वर.

"पे. सगयं."

हे रेकॉर्डिंगमध्ये नाही, मी तीनदा ऐकलंय. हे अक्काला माहीत नाही, आबांना नाही. फक्त या वहीत आहे. वही डब्यांमागे असते, पण तिसरीतल्या पोरीला माझं हे अक्षर लागणार नाही, कधी कधी मलाच लागत नाही. भांडी घासताना कधीतरी निसटलं असेल का माझ्या तोंडून, एवढ्या वर्षांत एकदा? आठवत नाही. असेलही.

मी प्यायले. सगळं. तळ दिसेपर्यंत ती उभी होती. मग ग्लास माझ्या हातातून घेतला, आत बघितलं आणि म्हणाली, "आता बरं वाटलं?"

मी हो म्हटलं. खरंच वाटलं होतं.